अकरा बार पीठ : इराणमधले सात दिवस

पहिला दिवस : तेहरान

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहा नंबरच्या लेण्यात दादाने मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी सातवीत होते. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख तिथल्या भिंतींवर आहेत. त्यातला एक दादाने वाचून समजावला. विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणं कायमची ठेव. २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १,००० वर शेकडा पाऊण. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची चीवरं आणि वरखर्च. पुढे मी बत्तीस वर्षं लेखा शाखेत काढली आणि तो लेख मला कधीच परका वाटला नाही. जाता जाता दादा म्हणाला होता, "क्षत्रप हा शब्द मुळात आपला नाही. इराणचा आहे. क्षत्रपावन, म्हणजे राज्य राखणारा." त्या वाक्याचा शोध घ्यायला आम्हा भावंडांना पन्नास वर्षं लागली. दादा आता एकाहत्तर वर्षांचा, शाळेतून इतिहास शिकवून निवृत्त झालेला. मी एकसष्ट.

आपल्या बँकांची कार्डं इराणमध्ये चालत नाहीत, म्हणून सगळी रोख पोटाशी बांधून नेली. व्यवहार रियालमध्ये लिहितात आणि तोमानमध्ये बोलतात, दहा रियालांचा एक तोमान. पहिल्याच दुकानात मी चहाचे दहापट पैसे पुढे केले. दुकानदाराने एक नोट ठेवून घेतली आणि बाकीच्या नोटा मोजून माझ्या मुठीत परत दिल्या.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालय. आत गेल्यावर आम्ही दोघं एकाच मूर्तीपाशी थांबलो. दारयवौश, प्राचीन इराणचा सम्राट, ज्याला इंग्रजीत डरायस म्हणतात. डोकं नाही, तरी उरलेला दगडच अडीच मीटरच्या घरात. १९७२ मध्ये शूशला म्हणजे प्राचीन सूसाला सापडली, पण घडवली इजिप्तमध्ये. अंगावरच्या लेखात राजाच सांगतो की ही मूर्ती इजिप्तमध्ये करवून घेतली, पाहणाऱ्याला कळावं की पारसी पुरुषाने इजिप्त जिंकला. पायाच्या चौथऱ्यावर साम्राज्यातले चोवीस देश, प्रत्येकाचा एक माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हात वर धरून. इजिप्तच्या जुन्या रिवाजाप्रमाणे जिंकलेले लोक हात बांधलेले दाखवत. इथे ते हातांनी राजाला तोलून धरतात. त्या चोवीसांत हिंदुश आहे, सिंधूकाठचा प्रदेश.

मी मात्र ज्यांच्यासाठी आले होते त्या वस्तू मुठीत मावतील एवढ्या. मातीच्या पाट्या, ओल्या असताना टोकदार काडीने दाबून लिहिलेल्या, कडेला शिक्क्याचा ठसा. १९३३ मध्ये अर्न्स्ट हर्झफेल्ड यांच्या पथकाला पर्सेपोलिसच्या तटबंदीत अशा हजारो पाट्या सापडल्या. वाचण्यासाठी त्या उसन्या म्हणून शिकागोला गेल्या आणि परत येण्यात पिढ्या गेल्या. मधल्या काळात अमेरिकेतल्या कोर्टात त्यांच्या जप्तीचा दावा चालला, २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१९ मध्ये १,७८३ पाट्या तेहरानला आल्या. यांत राजाचा पराक्रम नाही. कोणाला किती धान्य दिलं, कोणाच्या शिक्क्याने दिलं, कोणत्या महिन्यात दिलं, एवढंच. काचेपलीकडची ती अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण मांडणी ओळखीची वाटत होती.

दुसरा दिवस : हमदान

तेहरानहून गाडीने हमदान. गाव उंचावर आहे आणि ऑक्टोबरातच संध्याकाळी शाल लागते. म्हणूनच राजे उन्हाळ्यात इथे येत. हेच हगमताना, मेदी या जुन्या इराणी लोकांची राजधानी. इ.स.पू. ५५० मध्ये पारसी साम्राज्य उभारणाऱ्या कुरुशाने (सायरसने) ती घेतली. त्या नगरीची कल्पना यावी असं डोळ्यांना फारसं काही मिळत नाही, टेकाडावर मातीच्या भिंती आणि खणलेले रस्ते. त्यापेक्षा अलवंद डोंगराच्या घळीतलं गंजनामे मनात राहिलं. कड्यावर शेजारी शेजारी कोरलेले दोन चौकोन, एक दारयवौशाचा आणि एक त्याच्या मुलाचा, ख्षयार्शाचा (झर्क्सीसचा). पाचर अक्षरं वाचणारं कोणी उरलं नाही तेव्हा लोकांना वाटलं, यात पुरलेल्या खजिन्याचा पत्ता असणार. म्हणून गंजनामे, खजिन्याचा कागद. पंचनामा, करारनामा, राजीनामा लिहिण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हा शब्द कोणी फोडून सांगावा लागत नाही.

तिसरा दिवस : बिसोतून

केर्मानशाहच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर एक कडा सरळ रस्त्यावर येऊन थांबतो. पायथ्याशी झरा आहे. बॅबिलोनहून हमदानला जाणारा जुना रस्ता इथूनच जायचा, फौजा आणि तांडे इथे पाणी प्यायचे. त्यांच्या डोक्यावर, साठ मीटरच्याही वर, दारयवौशाने आपली बाजू कोरून ठेवली.

दुर्बिणीतून पाहिलं. हातात धनुष्य घेतलेला राजा, मागे भालाईत आणि धनुर्धर. पायाखाली उताणा पडलेला गौमाता नावाचा माणूस. समोर मान आणि हात दोरांनी बांधलेले नऊ जण रांगेत, शेवटचा उंच टोकदार टोपीचा शक स्कुंख, जो नंतर कोरला आणि त्याच्यासाठी आधीच्या लेखाचा काही भाग तासून टाकला. वर पंखांच्या वर्तुळात अहुरमझ्दा देव. भोवती तीन भाषांत मजकूर : जुनी पारसी, एलामी आणि बॅबिलोनी.

गोष्ट अशी. कुरुशाचा मुलगा कंबुजिय याने इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त घेतला आणि परतीच्या वाटेवर तो ५२२ मध्ये मेला. दारयवौश सांगतो की कंबुजियाने आपला सख्खा भाऊ बर्दिय याला गुपचूप मारलं होतं, आणि गौमाता नावाचा मगी पुरोहित "मीच बर्दिय" म्हणत गादीवर बसला. दारयवौशाने सहा साथीदारांसह त्याला मारलं. मग देशोदेशी बंडं झाली आणि एका वर्षात एकोणीस लढाया करून त्याने नऊ राजे धरले.

दादाने शाळेत ही गोष्ट कितीदा शिकवली असेल. झऱ्याकाठी बसून तो म्हणाला, "तुला काय वाटतं, तो खोटा बर्दिय होता की खरा?" मी भाषांतराचे कागद उलटत होते. राजा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याला विनवतो की मी केलं ते खरं आहे, तू ते खोटं मानू नकोस. बत्तीस वर्षांत खुलासे मी पुष्कळ वाचले. ज्याचा व्यवहार सरळ असतो तो एवढ्या वेळा खरेपणाची ग्वाही देत नाही. बरेच इतिहासकारही मानतात की मारला गेला तो खरा बर्दिय, कुरुशाचा मुलगा. माझं मतही तेच झालं आणि दादाने मान हलवली.

याच लेखात फ्रवर्तिश नावाच्या मेदी बंडखोराचं नाक, कान, जीभ कापून एक डोळा काढल्याचं आणि त्याला हगमतानाला सुळावर दिल्याचं राजा स्वतः सांगतो. आदल्या दिवशी जिथे आम्ही शांतपणे हिंडलो तेच ते गाव. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

वरचा मजकूर खालून कोणालाच वाचता येत नाही, तेव्हाही येत नसणार. म्हणून राजाने नकला काढून सगळ्या देशांत पाठवल्या. बॅबिलोनमध्ये दगडावरची एक नक्कल सापडली, आणि इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर अरमाइक भाषेत पपायरसवर लिहिलेली दुसरी. काढलेलं परिपत्रक शेवटच्या टोकापर्यंत पोचणं, यात राज्याची ताकद मला त्या नऊ दोरांपेक्षा जास्त दिसते.

लेखाला राजा 'दिपि' म्हणतो. अशोकाचा शाहबाझगढीचा शिलालेखही 'ध्रमदिपि' हाच शब्द वापरतो, इतरत्र त्याची 'लिपि' होते. आणि प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात, "दारयवौश राजा म्हणतो". सोपाऱ्याच्या अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या संग्रहालयात पाहिलेला असेल त्याला हा सूर लगेच कळेल. देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा असाच बोलतो, फक्त त्याला सांगायचं असतं ते वेगळं.

हे सगळं वाचायला शिकवणारा माणूस मुंबईमार्गे इथे आला. हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईत उतरला, फारसी शिकला आणि १८३३ मध्ये शाहाची फौज तयार करायला इराणला गेला. अरुंद कंगोऱ्यावर शिडी टेकवून त्याने अक्षरं उतरवली. बॅबिलोनी भाग त्यालाही गाठता आला नाही. तिथे एक कुर्द मुलगा खिळे ठोकत, दोरावर लोंबकळत गेला आणि ओला कागद दाबून ठसे घेऊन आला. त्या मुलाचं नाव नोंदलेलं नाही. कड्याकडे पाहताना माझी नजर राजापेक्षा त्या गुळगुळीत दगडावरच फिरत राहिली, पाय कुठे ठेवला असेल हे शोधत.

चौथा दिवस

दिवसभर गाडी. झाग्रोस डोंगर उतरत सपाटीवर आलो आणि शाल पिशवीत गेली. शूशला पोचलो तेव्हा दानियाल पैगंबराच्या कबरीच्या पांढऱ्या, उसासारख्या पेरांच्या घुमटावर दिवे लागले होते.

पाचवा दिवस : शूश

सूसा हे पारसी राजांच्याही आधी दोन-तीन हजार वर्षं गाजलेलं शहर, एलामी राजांचं. बाराव्या शतकात, अर्थात इसवी सनापूर्वीच्या, शुत्रुक-नह्हुंते राजाने बॅबिलोनियाची लूट इथे आणली. हम्मुराबीच्या कायद्यांचा काळा स्तंभ त्यातलाच. १९०१-०२ मध्ये तो फ्रेंच पथकाला या टेकाडात सापडला आणि पॅरिसला गेला. दारयवौशाच्या महालातले झिलईच्या विटांचे धनुर्धरही तिथेच आहेत. इथे उरले आहेत खांबांचे पाये, आणि प्राण्यांच्या मानेचे दगडी तुकडे.

पण या महालाचा जमाखर्च शिल्लक आहे. पायाभरणीच्या लेखात राजाने सगळा माल आणि सगळे कारागीर देशवार लिहून ठेवलेत. देवदार लेबनानचा. 'यका' लाकूड, म्हणजे बहुधा शिसव, गांधार आणि कर्मानचं. सोनं सार्दिस आणि बाख्त्रीचं. निळा राजावर्त सोग्दचा, फिरोझे ख्वारझमचे, चांदी आणि आबनूस इजिप्तची. हस्तिदंत कुश (इजिप्तच्या दक्षिणेचा देश), हिंदुश आणि अरखोसियाचा. दगड घडवणारे यवन (म्हणजे ग्रीक) आणि सार्दिसचे, सोनार मेदी आणि मिसरी, विटा पाडणारे बॅबिलोनचे. ओळ ओळ वाचत आम्ही त्या उघड्या जागेत चालत होतो आणि रिकाम्या चौथऱ्यावर माल उतरत होता.

मग दादाने फायलीतून एक कागद काढला. त्याने तो मला नाशिकपासून दाखवला नव्हता. रिचर्ड हॅलॉक यांनी पर्सेपोलिसच्या २,०८७ पाट्यांचं वाचन १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यातली ही एक. "इथेच वाच," तो म्हणाला, "कारण हा माणूस इथे येत होता."

अब्बतेमा नावाच्या माणसाला अकरा बार पीठ मिळालं. त्याचा रोजचा शिधा सात बार. बरोबरच्या वीस माणसांना प्रत्येकी दोन का. त्याच्याजवळ राजाचा शिक्क्याचा परवाना होता. ते हिंदुशहून निघाले, सूसाला चालले. दुसरा महिना, तेविसावं वर्ष. सोबतच्या वाटाड्याचं नावही लिहिलेलं आहे.

'का' हे माप साधारण एक लिटरचं, दहा 'का'चा एक बार. मी कागदाच्या कडेला बेरीज केली. सात बार म्हणजे सत्तर का. वीस माणसं गुणिले दोन, चाळीस का. एकूण एकशे दहा, म्हणजे अकरा बार. ताळा जुळला.

तेविसावं वर्ष म्हणजे इ.स.पू. ४९९. अडीच हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी मुक्कामाच्या कोठारावरच्या कारकुनाने केलेली बेरीज मी शूशच्या उन्हात उभी राहून तपासली आणि ती बरोबर निघाली. डोळे भरून आले. दादाही गप्प झाला. सिंधूकाठावरून निघालेल्या एकवीस माणसांच्या पोटात त्या दिवशी काय गेलं हे माहीत आहे, आणि तेवढंच माहीत आहे. अब्बतेमा दूत होता की व्यापारी, परत गेला की नाही, पाटी सांगत नाही. तिला फक्त पीठ कुठे गेलं याचा जाब द्यायचा होता.

रात्री अहवाझहून शिराझची बस.

सहावा दिवस : पर्सेपोलिस

इथले लोक याला तख्त-ए-जमशीद म्हणतात. बांधणारे नुसतं पार्सा म्हणायचे. शिराझपासून साठेक किलोमीटर. डोंगराला पाठ लावलेला सुमारे ४५० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद दगडी चौथरा. वर चढायला दोन अंगांनी जिना, १११ पायऱ्या, पण एवढ्या बुटक्या की गुडघे दुखणारा दादा कोणाचा हात न धरता चढला. लांब झग्यातल्या मानकऱ्यांना डौलात चढता यावं म्हणून त्या तशा केल्या, असं आमच्या वाटाड्या मुलीने सांगितलं.

काम इ.स.पू. ५१८ च्या सुमारास दारयवौशाने सुरू केलं, ख्षयार्शा आणि नातवाने पुढे नेलं. अपदान म्हणजे दरबाराचा मंडप. बहात्तर खांब होते, जवळजवळ वीस मीटर उंच. आज तेरा उभे आहेत. १९३३ मध्येच त्याच्या पायात, दगडी पेट्यांत, सोन्याचांदीचे पत्रे सापडले. त्यावर राज्याची हद्द : सोग्दपलीकडच्या शकांपासून कुशपर्यंत, हिंदुशपासून सार्दिसपर्यंत. सगळी सत्ता चार टोकांत सांगून टाकलेली.

पूर्वेचा जिना पडझडीच्या ढिगाखाली गाडला गेला म्हणून वाचला. त्यावर तेवीस देशांची शिष्टमंडळं भेटी घेऊन येतात. दोन मंडळांच्या मधे एक झाड, आणि प्रत्येक प्रमुखाचा हात दरबारातल्या माणसाने धरलेला. कुठेही साखळदंड नाही. बिसोतूनच्या त्या बांधलेल्या नऊ जणांनंतर हे पाहताना मी थबकले. राजा तोच.

आमची माणसं शोधायला अर्धा तास लागला. "खानूम, इथे," वाटाड्या मुलीने हाक मारली. पुढच्याच्या अंगावर खांद्यावरून घेतलेलं वस्त्र आणि पायात वहाणा. मागचे उघड्या अंगाचे, अनवाणी, कमरेला धोतर. एकाच्या खांद्यावर कावड. खरीखुरी कावड, दोन टोकांना टोपलीसारखी भांडी आणि त्यांत लहान लहान पिशव्या. एक गाढव. शेवटी दोन कुऱ्हाडी घेतलेला माणूस. त्या पिशव्यांत सोन्याची भुकटी असावी असं मानतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की हिंदी लोक दरसाल ३६० टॅलेंट (वजनाचं ग्रीक माप) भुकटी देत, सगळ्यांत जास्त. हिशेब केला तर नऊ टनांच्या वर जातं. मला तो आकडा पटत नाही. हेरोडोटस पर्सेपोलिसचं नावही घेत नाही, एवढ्या दुरून ऐकलेल्या रकमेवर मी सही केली नसती. त्या माणसाच्या खांद्याचा बाक मात्र मला पटतो. गोदावरीचं पाणी नेणाऱ्या कावडी मी लहानपणापासून पाहिल्यात, वजन पेलताना खांदा असाच एका बाजूला होतो.

मग तटबंदीच्या ईशान्य कोपऱ्याकडे गेलो. तिकडे गर्दी फिरकत नाही, पाहायला काही नाही. पाट्या इथे सापडल्या. काळ इ.स.पू. ५०९ ते ४९३. बहुतेक एलामी भाषेत, काही अरमाइकमध्ये, एखादीच ग्रीक. वाटेवरच्या कोठारांतल्या नोंदी इथे गोळा व्हायच्या आणि त्यावरून खतावणी व्हायची. अब्बतेमाची पाटीही तशीच इथे आली. सगळ्यांच्या वर पर्नक, राजाचा चुलता. त्याचा रोजचा शिधा दोन मेंढ्या, ९० का दारू आणि १८० का पीठ. त्यातून त्याचा लवाजमा पोसला जाई हे खरं, पण साध्या मजुराला धान्य मिळायचं महिन्याला तीस का.

या मजुरांना कुर्ताश म्हणत. सार्दिसपासून बाख्त्रीपर्यंतच्या बायका-पुरुषांच्या टोळ्या, त्यांची मुलंही वयानुसार हजेरीपटावर. काही गटांची मुकादम बाई असे आणि तिला साध्या पुरुष मजुरापेक्षा पुष्कळ जास्त शिधा मिळे. बाळंतिणीला वेगळा जादा शिधा होता. हे वाचून मला आनंद झाला होता, पुढची ओळ वाचेपर्यंत. मुलगा झाला तर जो शिधा, त्याच्या निम्मा मुलगी झाली तर.

मला दोन मुली आहेत. दुसरीच्या वेळी घरात जे शांत झालं होतं ते मला त्या कोपऱ्यात उभ्या उभ्या आठवलं. कारकुनाचा इथे दोष नाही, त्याने ठरलेल्या दराने लिहिलं. पण दर कोणीतरी ठरवला होता, आणि ज्याने ठरवला त्याच्या नावाने हे खांब उभे आहेत. दादाला मी हे बोलून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चाळीस वर्षं मी पोरांना राजांची वंशावळ पाठ करायला लावली गं."

इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरने इथला खजिना उचलला. ग्रीक लेखक प्लुटार्क म्हणतो, वाहून न्यायला खेचरांच्या दहा हजार जोड्या आणि पाच हजार उंट लागले. मग महालाला आग लागली. मातीचे हिशेब कोणाला नेण्याजोगे वाटले नाहीत.

सातवा दिवस : नक्श-ए-रुस्तम आणि पासारगाद

सकाळी नक्श-ए-रुस्तम. कड्यात उंचावर चार राजांच्या कबरी, क्रूसाच्या आकारात खोदलेल्या. दारयवौशाच्या कबरीवर तीस देशांची माणसं त्याचं सिंहासन उचलून धरतात आणि लेख म्हणतो, किती देश माझे होते हे जाणायचं असेल तर हे सिंहासन वाहणाऱ्यांकडे पाहा. दुसऱ्या लेखात तो स्वभाव सांगतो : मी तापट नाही, रागात जे मनात उठतं ते मी आवरून धरतो. दुबळ्यावर बलवानाने अन्याय करावा अशी माझी इच्छा नाही, आणि बलवानावर दुबळ्याने करावा अशीही नाही. चांगली वाक्यं आहेत. फ्रवर्तिशचं नाक-कान विसरता आलं असतं तर मी ती वहीत उतरवून घेतली असती. खाली नंतरच्या सासानी घराण्यातल्या शापूर राजाचं शिल्प, घोड्यावरचा तो आणि पुढ्यात रोमन सम्राट. दादाला तिथे जास्त थांबायचं होतं, मी घाई केली.

पासारगादला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मोकळं मैदान, वारा, आणि मधोमध कुरुशाची कबर. सहा थरांचा दगडी चौथरा, त्यावर उतरत्या छपराची एक खोली. सगळी मिळून अकरा मीटर. एवढंच. ज्याने मेदी, लिदी आणि बॅबिलोन घेतलं त्याच्यासाठी एका बैठ्या घराएवढी जागा. मधल्या शतकांत गावकरी हिला सुलेमानच्या आईची कबर म्हणत.

अलेक्झांडर इथे पुन्हा आला तेव्हा आतली सोन्याची शवपेटी फोडलेली होती. ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो की कंबुजियाच्या काळापासून मगी लोक हिची राखण करत, बापामागून मुलगा. त्यांना राजाकडून रोज एक मेंढी, ठरलेलं पीठ आणि दारू, आणि कुरुशाला बळी देण्यासाठी दरमहा एक घोडा. अलेक्झांडरने त्या राखणदारांना पकडून छळलं, कोणी लुटलं ते सांगा म्हणून. त्यांनी काहीच कबूल केलं नाही, तेव्हा सोडून दिलं.

आम्ही कबरीच्या पश्चिमेला जमिनीवर बसलो. दादाने विचारलं, "कुरुश गेला ५३० मध्ये. अलेक्झांडर आला ३३० मध्ये. किती घोडे झाले?"

मी तिकिटाच्या पाठीवर मांडलं. दोनशे वर्षं गुणिले बारा. दोन हजार चारशे. मेंढ्यांचा आकडा मोठा होता, तो दादाने स्वतः केला आणि मला तपासायला दिला. पिठाची रक्कम एरियनने दिलेली नाही, ती ओळ मी कोरी ठेवली.